धूप थांबवा

मी चित्रं काढायची आणि आमचे हे सिनेमा दाखवायचे, म्हणून शेजारणींना वाटायचं, ह्यांच्या घरात नुसती मौज चाललेली असणार. मौज होती, नाही कशाला म्हणू? पण ह्यांचे सिनेमे गाण्यांचे नव्हते. देवीची लस टोचून घ्या, शेणखताचा खड्डा करा, झाडं लावा, असे ते सरकारी सिनेमे. आणि माझी चित्रं म्हणजे सिनेमाच्या आधी पडद्यावर दाखवायच्या काचेच्या पट्ट्या, तळहातात मावतील एवढ्या. त्यावर बोरूनं अक्षरं काढायची, फोटोला देतात ते पातळ रंग भरायचे आणि वाळेपर्यंत घरात कुणाला झाडू मारू द्यायचा नाही. ह्यांचं नाव मी तेव्हा कधी घेतलं नाही. आता घ्यायला लागले तर वरून तेच दचकतील, म्हणून 'हे'च बरं.

हैदराबाद राज्य मोडून आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली ही गोष्ट. कागदोपत्री उस्मानाबाद आणि तोंडानं धाराशिव अशा आमच्या गावात मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. हे प्रसिद्धी खात्यात ऑपरेटर होते. खात्याची एक गाडी होती. तिच्यात प्रोजेक्टर, जनरेटर, भोंगा, दोन बांबू आणि एक पांढरा पडदा. गावोगावचे लोक तिला 'शिनुमाची गाडी' म्हणत आणि ती दिसली की अर्धं गाव मागं पळे. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. आम्ही माती म्हणायचो, पाणी म्हणायचो, झाड म्हणायचो. तेवढ्यावर भागत होतं.

ह्यांचं मूळ गाव धाराशिवहून ढोकीकडं जाताना जरा आडवळणाला. तिथं थोरले दीर आणि जाऊबाई शेती बघत. जाऊबाईंना मी आक्का म्हणायची. आक्का अंगानं किरकोळ, पण कामाला वाघ आणि तोंडानं त्याहून वाघ. लग्न होऊन त्या आल्या त्या वर्षी तळच्या रानात विहीर खणली होती आणि तिच्या बांधकामाचे दगड त्यांनी स्वतः डोक्यावरून वाहिले होते. अंगावरची हळद उतरली नव्हती, असं त्या सांगत. त्या विहिरीवर घरचं पिण्याचं पाणी, जनावरं, भाजीचे वाफे, उन्हाळ्यातला वैरणीच्या कडवळाचा तुकडा, सगळं चालायचं. घरात कुणी म्हटलं, "आक्कांना पोरं किती?" तर आम्ही हसून सांगायचो, दोन पोरं आणि एक विहीर.

त्या विहिरीच्या जिवावर एक घळ उठली होती. वरच्या उतारावरून पावसाचं पाणी सुसाट खाली यायचं आणि दरवर्षी म्हैस बसेल एवढी जागा खाऊन घळ पुढं सरकायची. आता ती विहिरीच्या काठाशी येऊन ठेपली होती. एका बाजूचे दगड सुटायला लागले होते, पावसाळाभर पाणी गढूळ राहायचं. अजून दोन पावसाळे, फार तर तीन, असं दीर म्हणायचे आणि आक्का तिथून उठून जायच्या.

उपाय नव्हता असं नाही. सरकारचे लोक नव्यानंच उतारावर आडवे बांध घालून देऊ लागले होते, म्हणजे पाणी पळत सुटण्याऐवजी चालत येतं आणि माती जागेवर राहते. पण अट अशी, की सगळ्या उतारानं हो म्हटलं पाहिजे. वरच्यानं नाही म्हटलं तर खालच्याचा बांध पहिल्याच पावसात फुटणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. येळवशीचा सण झाला की दुसऱ्या दिवशी बांधांचे साहेब गावात येणार होते. लोक तयार असले तर उन्हाळ्यात काम, नाहीतर ते काम पुढच्या गावाला जाणार.

आणि उताराच्या माथ्यावरचं रान होतं आबांचं. आबा म्हणजे गावातले वजनदार म्हातारे, माझ्या सासऱ्यांच्या वयाचे. माणूस करारी. रझाकारांच्या दिवसांत पोरांना घेऊन रात्ररात्र गावाच्या वेशीवर पहारा केलेला. पण चिक्कू असे, की उष्ट्या हातानं कावळा हाकायचे नाहीत. बांधाचं नाव काढलं की म्हणत, "बांधाखाली माझी पट्टीच्या पट्टी जाणार. सरकार भुई गिळाया बसलंय, आन तुमी म्हणता घाला बांध?" आबा नाही म्हणाले की खालचे सगळे नाही म्हणत.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, सगळ्या जिल्ह्याला शहाणं करत फिरता. आपल्या गावाला कधी करणार?"

ह्यांनी आपल्या खात्यातल्या साहेबांना सांगून गाडीचा दौरा आमच्या गावावरून वळवला. येळवशीला तीनचार दिवस होते, शाळेला नाताळची सुट्टी होती, म्हणून मीही गाडीत बसून गेले. मातीच्या सिनेमाची पेटी मुंबईहून आली होती. सोबत पट्टीवर लिहायचं वाक्य आलं होतं: शेतकरी बंधूंनो, जमिनीची धूप थांबवा. मी चांगली दोन दिवस खपून पट्टी रंगवली. डोंगराचा उतार, उतारावरून वळणं घेत वाहणारं गढूळ पाणी आणि खाली लाल ठसठशीत अक्षरांत ते वाक्य. धूप म्हणजे पाण्यानं माती झिजून वाहून जाणं. हे मला माहीत, ह्यांना माहीत, मुंबईत बसून वाक्य लिहिणाऱ्याला माहीत. आमच्या गावाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. गावात माती वाहून जायची, खचायची, तुटायची. गावातला धूप निखाऱ्यावर पडायचा आणि देवापुढं दरवळायचा.

त्यातून दिवस येळवशीचे. बाहेरच्या माणसाला आमची येळवस ठाऊक नसते म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या अवसेला अख्खं गाव रानात जातं. कडब्याची खोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील, डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे यांचा निवद दाखवायचा आणि काळ्या आईला धूप जाळायचा. दिवाळी एखाद्या वर्षी बेताची झाली तर चालेल, पण येळवस नाही.

अशा दिवसांत दुपारी आमची गाडी भोंगा लावून गावातून फिरली. ह्यांचा आवाज खणखणीत. "शेतकरी बंधूंनो, दिवेलागणीला मारुतीच्या देवळापुढं सिनेमा! जमिनीची धूप थांबवा! धूप थांबवा!" बाया ओट्यावर भज्जीसाठी डाळी निवडत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. वाण्यानं येळवशीसाठी बार्शीहून धुपाची अख्खी गोणी आणून ठेवली होती. तो दुकानातून उठून गाडीमागं आला आणि ड्रायव्हरला विचारू लागला, "कवापासून बंद? आजपासून का?" ड्रायव्हरला वाटलं तो सणासाठी बंद राहणाऱ्या पिठाच्या गिरणीबद्दल विचारतोय. म्हणाला, "असंल, आजपासूनच."

व्याकरण शिकलेला माणूस म्हणेल, धूप जाळतात तो पुल्लिंगी आणि जमिनीची धूप स्त्रीलिंगी. खरं आहे. पण भोंग्यातून व्याकरण ऐकू येत नाही.

संध्याकाळी देवळापुढं मुंगीला जागा नव्हती. पडद्याच्या दोन्ही अंगांनी लोक बसले होते. आधी माझी पट्टी लागली. माझं चित्र एवढं मोठं होऊन पडद्यावर आलं की दरवेळी माझा ऊर भरून यायचा, तसा त्या दिवशीही आला. मग एक बाई म्हणाली, "आगं बया, खरंच की!" आणि आबांचा आवाज आला, "बगा. रान काढलंय आन रानातनं धूर निगाय लागलाय. खाली तांबड्या अक्षरात हुकूम. धूप बंद!"

माझं पाणी त्यांना धूर दिसलं! पाचशे माणसांत माझ्या पाण्याला धूर म्हटलं. मी जागेवरून उठलेच होते, आक्कांनी पदर धरून खाली बसवलं.

ह्यांनी घाईनं पट्टी काढून सिनेमा सुरू केला. सिनेमा चांगला होता. पण त्यातला मुलूख हिरवागार, भातखाचरांचा, नारळीच्या झाडांचा. आमचे लोक मातीकडं बघेचनात, ते बैलांकडं बघत होते. शिंगं अशी कशी, वशिंड कुठंय, रंग कसला. शेवटी निकाल लागला, की ही बैलं आपल्याकडची नाहीत, म्हणजे मातीही तिकडचीच. वाहत असेल त्यांची. आपल्याला काय त्याचं?

मध्येच आबा उठून उभे राहिले. बरोबर प्रोजेक्टरच्या झोताच्या आड. पडद्यावर त्यांच्या पटक्याची भली मोठी सावली पडली आणि तिच्याखाली नारळी-बैल सगळं झाकून गेलं. आबा म्हणाले, "निजामाच्या राज्यात आमी रानात धूप जाळला. रझाकाराच्या सालाला बी जाळला, कडीकुलपात न्हाय, रानात. आन आता आपलं राज आलं म्हणून बंद करायचा व्हय?"

लोक कालवा करू लागले. तेवढ्यात आमच्या बांधाला बांध असलेले चाचा उठले. चाचांची जीभ अर्धी मराठी, अर्धी दखनी. ते म्हणाले, "आबा, ते धूप न्हाय वो. हमारे में धूप म्हंजे ऊन. सरकार म्हणतंय, ऊन थांबवा."

"ऊन कसं थांबवायचं?"

"वो बंबईवालेच जाने."

झालं, गावात दोन तट पडले. एक निखाऱ्यावरच्या धुपाचा, एक उन्हाचा. मातीचा तट कुठंच नव्हता. ह्यांनी कर्णा हातात घेतला आणि तळमळून सांगितलं, "मंडळी, ऐका. धूप म्हणजे धूप नव्हे!" यानंतर जे हसू उसळलं, त्यात सिनेमाची उरलेली रिळं कुणी बघितलीच नाहीत. आबा मात्र हसले नाहीत. काठी टेकत निघून गेले.

घरी आल्यावर मी फणफणत होते. हे हसत होते. "तपकिरी रंग संपला म्हणून काजळी कुणी मिसळली होती?" म्हणाले. मी म्हटलं, काचेवरचा तपकिरी रंग दिव्यापुढं काळाच दिसतो. हे मी आजही सांगेन, कुणाही चित्रकाराला विचारा. त्यावर हे आणखी हसले आणि मग मलाही राहवेना. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

आक्का चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी भाकरी उलटली आणि आमच्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमचं झालं का हसून? हसा. काल नुसता बांधाचा वाद होता, त्याला तोड निगाली असती. आता देवाचा झाला. आता आबा सात जन्मात हो म्हणत न्हाईत. माझी हीर गेली आता." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. चुलीचा धूर आहे असं दाखवलं, पण चूल चांगली धगधगत होती. आक्कांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. माझं हसू जागच्या जागी थिजलं आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावाला गेली. येळवशीला परत येतो म्हणून हे गेले, मी राहिले. जाता जाता ह्यांनी दोनचार म्हाताऱ्यांना गाठून धूप म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते मान हलवत "व्हय व्हय" म्हणाले आणि ह्यांची पाठ वळताच एकमेकांना म्हणाले, सरकारचा माणूस हाय, त्याला तसं बोलावं लागतंय.

येळवशीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तळच्या रानात खोप करायला गेलो. आक्का पांडवांना चुना लावत होत्या, मी त्यावर कावेनं टिपके देत होते. वर बघितलं की आबांचं रान दिसे, बांधावर एकुलती बाभूळ. खाली बघितलं की आमची विहीर. मधे घळ. सगळा उतार ताटात वाढल्यासारखा पुढ्यात होता. मी म्हटलं, "आक्का, आबांना पडद्यावरलं रान परकं वाटलं. त्यांचंच रान काढलं तर?"

"कशावर काढतीस? काचंवर? पुन्ना धूर दिसाया?"

"मातीत काढू. इथंच, खोपीपाशी. उद्या सगळे जेवायला येणारच."

"आन उंडे कोण करायचं? तुझा सिनेमावाला?" असं म्हणाल्या, पण खोरं घेऊन त्याच उठल्या.

आम्ही मातीचे दोन उतार केले, शेजारी शेजारी, एकसारखे. खाली मुरूम, वर आमच्याच रानातली काळी. चुन्याच्या रेघांनी ज्याचं त्याचं रान आखलं. आबांच्या रानात बाभळीची काटकी रोवली, चाचांच्या रानात त्यांच्या खोपटाची काडीकचऱ्याची खूण केली. तळाशी दोन्हीकडं एकेक बोळकं पुरलं, ती विहीर. एक उतार तसाच मोकळा ठेवला, दुसऱ्यावर बोटानं दाबून आडवे बांध घातले. त्यावरून आमचं एक भांडण झालं. आक्का म्हणाल्या, "आबांचं रान जरा मोठं काढ. खूश व्हतील." मी म्हटलं, प्रमाणात आहे तेवढंच निघेल. मी चित्रकलेची मास्तरीण, प्रमाणाशी खेळ चालायचा नाही. मी हात धुवायला विहिरीवर जाऊन आले तर आबांच्या रानाची रेघ चांगली चार बोटं सरकलेली. आक्का पांडवांना चुना लावण्यात गर्क होत्या.

येळवशीला सकाळपासून रस्ते बायामाणसांनी फुलले. डोक्यावर आंबिलीचं मडकं, अंगावर घोंगडी, पोरं पुढं पळतायत. हेही कुणाची तरी सायकल मागून येऊन पोचले. त्या दिवशी कुणीही कुणाच्याही रानात जावं आणि चार घास खाऊन यावं, अशी रीत. भांडण असलं तरी बोलावणं मोडायचं नाही. आक्का स्वतः वर जाऊन आबांना बोलावून आल्या. आबा आले, पण तोंड पाडून. खोपीपासून चार हात लांबच उभे राहिले.

आक्कांनी पूजा मांडली. मग शेणीचे निखारे थाळीत घेतले आणि धुपाचा डबा त्यावर अख्खा उपडा केला. असा धूर उठला की खोप दिसेना. पाहुणे खोकू लागले. आक्का त्या धुरातून मोठ्यानं म्हणाल्या, "आबा, बगून घ्या. ह्या घरात धूप बंद न्हाय. सरकारच्या माणसाच्या घरात!" आणि ह्यांच्याकडं वळून, "करा नमस्कार." हे डोळे चोळत गुडघ्यावर टेकले. आबांच्या कपाळावरची एक आठी गेली. काठी बाजूला ठेवून ते पंगतीला बसले आणि भज्जी दोनदा मागून घेतली.

जेवणं झाल्यावर मी डालड्याच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून ठेवली होती, तो डबा पुढं आणला. म्हटलं, हा पाऊस. चाचांनी हौसेनं तो हातात घेतला. "कुठं पाडू पाऊस?"

"डोंगरावर पाडा. ह्या मोकळ्या उतारावर."

चाचांनी पाऊस पाडला. पाणी आबांच्या रानातून निघालं, बाभळीच्या बुडाची माती घेऊन चाचांच्या रानात उतरलं, तिथून वळसा घालून वेगानं खाली आलं. येताना त्यानं स्वतःची एक घळ पाडली, आमच्या खऱ्या घळीसारखीच, तिथल्या तिथंच. बोळकं गाळानं भरलं, एका अंगानं कलंडलं. बाभळीची काटकी मुळातून सुटून आडवी झाली. लोक वाकून वाकून बघत होते. कुणी म्हणालं, "आरं, हे तर आपलंच रान हाय." बैलाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

मग दुसऱ्या उतारावर तोच पाऊस पाडला. पाणी पहिल्या बांधाशी थबकलं, जिरलं, भरून दुसऱ्या बांधाशी आलं, पुन्हा थबकलं. बोळक्यात आलं ते थोडं आणि बरंच निवळ.

आबा पुढं आले. "हे बाभळीचं रान कुणाचं?"

"तुमचंच की आबा," मी म्हटलं.

"बरोबर काढलंय," ते म्हणाले. मी आक्कांकडं बघितलं नाही. आबा उकिडवे बसले, कलंडलेल्या बोळक्यात दोन बोटं घालून गाळ काढला आणि चिमटीत चोळून बघितला. "म्हंजे माझी माती हिच्या हिरीत येती?"

आक्का म्हणाल्या, "हिरीत कुटं ऱ्हाती आबा? ऱ्हायली असती तर परत दिली असती घमेल्यानं. हिरीवरनं ओढ्यात, ओढ्यातनं तेरणंत."

"आन तेरणंतनं?"

हे उत्तर आक्कांना ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण शाळेत जिल्ह्याचा नकाशा मीच रंगवला होता. मी म्हटलं, "तेरणा मांजरेला मिळते, आबा. मांजरा पुढं तेलंगणात जाते. तिकडं एक मोठं धरण आहे, त्यात तो सगळा गाळ बसतो."

"कसलं धरण?"

"निजामसागर."

आबांनी चिमटीतली माती बघितली, मग माझ्याकडं बघितलं. म्हातारा असा लालबुंद झाला, की मला वाटलं आता काठी उचलतो. "निजाम गेला," ते म्हणाले, "राज गेलं, रुपाया गेला, आन माझी माती आजून निजामाच्या तळ्यात पडती? म्हंजे आमी सारा आजून तिकडंच भरतोय म्हणा की!"

कुणी हसलं नाही. आबा उठले, सगळ्या रानावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "घाला बांध. उद्या साह्यबाला म्याच सांगतो. पर माझी बाभळ तोडायची न्हाय, आन बांधावरलं गवात माझं." गवताचं सांगायला विसरले असते तर ते आबा नव्हेत.

मी आयुष्यभर चित्रं काढली, प्रदर्शनात बक्षिसंही मिळाली. पण त्या मातीच्या उताराएवढा आनंद मला कुठल्या चित्रानं दिला नाही, हे उघड सांगते. माणसं पुण्याईनं, परोपकारानं शहाणी व्हावीत अशी सरकारी सिनेमांची अपेक्षा असते. आमचे आबा चिक्कूपणानं आणि निजामावरच्या रागानं शहाणे झाले, आणि ते शहाणपण चांगलं टिकलं. दुसऱ्या दिवशी बांधांचे साहेब आले, तर आबा त्यांना बोलूच देईनात. साहेबांनी खूश होऊन ह्यांना विचारलं, "कुठला सिनेमा दाखवला हो?" हे म्हणाले, "येळवशीचा." साहेबांनी मान हलवली, म्हणजे त्यांना काही कळलं नाही.

परत आल्यावर मी नवी पट्टी रंगवली. आपली माती आपल्या रानात. खात्याच्या वाक्यात तसं नव्हतं म्हणून थोडी कुरकुर झाली, पण हे गप्पपणे तीच लावत राहिले. पुढं कितीतरी गावांत सिनेमाच्या आधी दिवसाउजेडी मातीचा उतार करायचा आणि भोकाच्या डब्यानं गावकऱ्यांच्याच हातून पाऊस पाडायचा, असा ह्यांचा शिरस्ता पडला. निजामसागराचं मात्र आबाच सांगत हिंडले. बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला थांबवून सांगायचे. आजूबाजूच्या तीनचार गावांनी बांध घातले ते आमच्या पट्टीमुळं की आबांच्या तोंडामुळं, यावर आमचं घरात कधी एकमत झालं नाही.

उन्हाळ्यात बांध पडले. आबा रोज टोपलीवाल्यांच्या मागं उभे राहून आपली पट्टी किती गेली ते पावलांनी मोजायचे आणि संध्याकाळी कुरकुरत घरी जायचे. पण बांध मोडा म्हणाले नाहीत.

भादव्यात महालक्ष्म्यांना मी गावी गेले. सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि असा पाऊस कोसळू लागला की अंगणापलीकडचं दिसेना. उतारावर पाण्याचा आवाज सुरू झाला. नवे बांध, पहिलाच पावसाळा, एखादा जरी फुटला तर थेट विहिरीवर. मी पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि आक्कांना हाका मारत निघाले. चुलीपाशी आक्का नव्हत्या. गोठ्यात नव्हत्या. नक्की एकट्याच विहिरीवर पळाल्या, असं वाटून मी उंबऱ्याकडं वळले, तर माजघरात घोंगडीवर त्या दिसल्या. भिंतीकडं तोंड, हाताची उशी, गाढ झोपलेल्या. बारीक घोरतही होत्या.

थोरले दीर दाराशी पाऊस बघत बसले होते. धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलायची तेव्हा रीत नव्हती, त्यामुळं मला काही सांगायचं तर ते खांबाला नाहीतर म्हशीला सांगत. त्या दिवशी ते पावसालाच म्हणाले, "उठवू नका तिला. हीर बांधली तवापासनं पाऊस चालू असताना हिचा डोळा लागल्याला म्या कवा बगितला न्हाय. रात असू, दिस असू, सर आली की ही पोतं घिऊन हिरीवर. आज पयल्यांदा झोपलीया."

मी खोळ काढून खुंटीला अडकवली आणि चहाचं आधण जरा उशिरानंच टाकलं.